पिलांची भूक आणि वऱ्हाडचा उन्हाळा

अकोला व अमरावती जिल्ह्यांत मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर चढतो. अशा दिवसांत पिले आणणाऱ्या कुक्कुटपालकाची एक तक्रार ग्रामसेवकाच्या कानी हमखास येते: खाद्य समोर आहे, तरी पिले खात नाहीत. मग दोष खाद्याला दिला जातो, दुकानदार बदलला जातो आणि दोन-चार दिवसांत मरतूक सुरू होते.

भूक पोटात लागते असे आपण म्हणतो. परंतु तिचा हिशेब मेंदूत ठेवला जातो. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग असतो. तेथील न्यूरोपेप्टाइड वाय हे द्रव्य पिलास खावयास लावते. याउलट सीआरएफ नावाचे द्रव्य भूक दडपते, आणि भय अथवा ताण यांच्या वेळी शरीरास सावध करणारेही तेच होय. शिवाय अन्न पचताना अंगात उष्णता निर्माण होते, म्हणून तापलेले पिलू खाणे टाळते. हा त्याचा हट्ट नव्हे, बचाव होय.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. घ्रेलिन नावाचे संप्रेरक १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी शोधून काढले. माणसात व उंदरात ते भूक वाढविते. परंतु तेच पिलाच्या मेंदूत टोचले असता त्याचे खाणे कमी होते. सबब माणसाचे किंवा गुराढोरांचे भुकेचे औषध पिलांस देऊ नये.

उपाय खुराड्यातच आहे. पहिल्या आठवड्यात पिलांस सुमारे ३५ अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्यास सुमारे ३ अंशांनी ती कमी करावी. मे महिन्यातील दुपारी टिनपत्र्याखाली याहून अधिक उष्णता असते, तरीही सवयीने दिवा जळतच असतो! तो दिवसा विझवावा आणि पहाटे गारवा वाटल्यास लावावा. पिले दिव्याखाली दाटीने बसली तर त्यांना थंडी वाजते. चोच उघडी टाकून, पंख पसरून कडेला गेली तर उकाडा होतो. छपरावर तुराट्या किंवा पऱ्हाट्या पसराव्यात. पश्चिमेकडे ओले गोणपाट टांगावे, मात्र वारा अडवू नये. पाणी गार असावे व दिवसातून अनेकदा बदलावे. खाद्य पहाटे व सूर्यास्तानंतर द्यावे.

रात्री आठ-दहा पिले हाती घेऊन गळ्याखालची अन्नपिशवी बोटाने चाचपावी. ती भरलेली व मऊ लागली तर पिले खात आहेत. रिकामी लागली तर प्रथम दिवा, पाणी व दाटी पाहावी. खाद्याचे पोते त्यानंतर.