व्यसन आणि घरातलं बोलणं : हजेरी घेऊन पोरं सांगत नाहीत

महाड-पोलादपूरकडच्या आपल्या गावांत, तुडील असो की आसपासचं कुठलंही, बऱ्याच घरांतले अब्बा आखातात नाही तर मुंबईत कामाला असतात. रोज फोन येतो. "अभ्यास केलास? नमाज पढलास? अम्मीला त्रास देत नाहीस ना?" मुलगा तीनदा "हो" म्हणतो आणि फोन अम्मीच्या हातात देतो. पोराशी रोज बोलणं होतं असं आपण समजतो. खरं तर ती हजेरी असते.

स्वीडनमधल्या स्टॅटिन आणि केर या संशोधकांनी 14 वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध केला. मूल कुठे जातं, कुणासोबत असतं हे आईबापांना कळतं ते मुख्यतः मूल आपणहून सांगतं म्हणून. चौकशी करून, पाळत ठेवून फार कमी हाती लागतं. जी मुलं घरी सांगत होती, ती वावग्या गोष्टींपासूनही जास्त दूर होती. अर्थात, ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही तोच मोकळेपणी बोलतो, असंही असेल. पण मारून, धाक घालून बोलतं झालेलं पोर आम्ही तरी पाहिलेलं नाही.

मुलींचं काय? 2019 च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या 13 ते 15 वयाच्या विद्यार्थ्यांत 9.6 टक्के मुलगे तंबाखू वापरणारे निघाले, आणि 7.4 टक्के मुली. अंतर एवढंच. घरात मात्र संशय फक्त मुलग्यावर. मुलीला "कुठे गेली होतीस?" एवढंच विचारायचं. दादीच्या मशेरीच्या डबीत नातीचं बोट जातं, तेव्हा ती तंबाखूच आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

खिशात पुडी सापडली तर पहिली थप्पड मारण्याआधी एक प्रश्न विचारा: "कुणी दिली?" राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. मुलाला तंबाखू किंवा नशेची वस्तू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम 77 खाली 7 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे कायद्याच्या लेखी गुन्हेगार देणारा आहे, पोर नव्हे. हे पोराला आधीच माहीत असलं तर नाव सांगायला ते कमी घाबरेल.

सवय लागलीच असेल तर गावात बोभाटा न करता 14446 या सरकारी हेल्पलाइनवर फोन करता येतो. पैसे पडत नाहीत. अब्बा परदेशात असले तरी अम्मीने एकटीने केलेला फोनही चालतो.