टेप कुठे लावायची?

आर्किटेक्चरची मुलं टेप आणि क्लिपबोर्ड घेऊन वाईसारख्या गावात उतरली, की लोकांना आधी वाटतं रस्तारुंदीवाले आले. कॉलेजची पोरं आहेत हे कळलं की सूर बदलतो. चहा येतो, आणि घरातल्या आजी माजघर, कोनाडा, माळ्याचा जिना आपणहून दाखवायला लागतात. मुलं घाईत असतात. एकानं टेपचं शून्याचं टोक कोपऱ्यात दाबून धरायचं, दुसऱ्यानं आकडा ओरडायचा, तिसरीनं कच्च्या नकाशावर उतरवून घ्यायचा. नुसती लांबी-रुंदी घेऊन भागत नाही, कर्णही मोजावा लागतो. जुन्या वाड्यातली खोली काटकोनात असेलच याचा भरवसा नसतो, आणि कर्ण राहिला तर रात्री शीटवर चौथी भिंत काही केल्या पहिलीला येऊन मिळत नाही. मग सकाळी पुन्हा त्याच आजींच्या दारात.

याला कॉलेजात ‘मेजर्ड ड्रॉइंग’ म्हणतात. पाच वर्षांच्या बी.आर्क.मध्ये रात्र रात्र जागून केलेली सबमिशनं असतात, सनबोर्डची मॉडेलं असतात, ज्युरीपुढे उडालेली भंबेरी असते. पण मुलं सगळ्यात जास्त कुठे शिकतात असं कुणी विचारलं, तर मी या आठवडाभराच्या मोजणीचंच नाव घेईन. तक्रार एवढीच, की ही टेप वाडा, देऊळ नाहीतर घाट यांच्यापलीकडे फारशी जात नाही.

त्यामागे परंपरा आहे. मुंबईच्या जे. जे.मध्ये १९२०-३०च्या दशकांत क्लॉड बॅटली शिकवत होते. इथल्या विद्यार्थ्यानं इथल्या इमारती स्वतः मोजून काढाव्यात असा त्यांचा आग्रह असे, आणि अशा मोजून काढलेल्या आराखड्यांचं त्यांचं पुस्तक पुढे कितीतरी पिढ्यांनी वापरलं. युरोपातले खांब आणि कमानी गिरवण्याच्या त्या काळात हे मोठंच काम होतं. पण शंभर वर्षांनंतरही आपण तेवढंच करत राहिलो, तर तो निव्वळ आळस झाला.

कारण मधल्या काळात शहरं कुठच्या कुठे गेली. २०११च्या जनगणनेतच महाराष्ट्रातली ४५ टक्के माणसं शहरांत राहत होती, देशाचा आकडा तेव्हा ३१ होता. त्यानंतर काय झालं ते विरार, बदलापूर, वाघोलीकडे नजर टाकली तरी दिसतं. या सगळ्या बांधकामात आर्किटेक्टचा हात किती? आपला १९७२चा वास्तुविशारद कायदा बिरुदाला संरक्षण देतो, कामाला नाही. नोंदणीशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही, पण म्हणून इमारतीचा आराखडा करायला बाकीच्यांना मज्जाव नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२०मध्ये हे स्पष्टच केलं. म्हणजे गुंठाभर जागेतलं घर मिस्त्री, ठेकेदार आणि फार तर सिव्हिल इंजिनिअर मिळून उभं करतात, आणि ते कायद्याला धरूनच असतं. प्रवेशाच्या वेळी पालकांना हे कुणी सांगत नाही. फी मात्र सांगतात.

स्टुडिओत मुलांना मिळणारा प्लॉट बहुधा मोकळा असतो. शेजारी म्हणजे नकाशावरचे करडे चौकोन, आणि घरमालक कल्पनेतला, सहसा चित्रकार किंवा लेखक. त्याला उत्तरेचा उजेड हवा असतो आणि पैशाची ददात नसते. मग ऑफिसात ट्रेनिंगला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात एफएसआय भेटतो. हजार चौरस मीटरच्या प्लॉटला एफएसआय एक असेल तर सगळे मजले मिळून हजार चौरस मीटर बांधायचं, तीन असेल तर तीन हजार, असा तो सरळ हिशेब. पुढचे चार-सहा महिने मुलगी एरिया स्टेटमेंट भरते, पार्किंग बसवते, टॉयलेटचे डिटेल काढते. अनेकांचा इथेच विरस होतो. मला वाटतं, विरस व्हायचं कारण नाही; शहराला आकार कुठून येतो ते तिला इथे पहिल्यांदा दिसतं. वाईट एवढंच, की त्या आकड्याचं पुढे घरात काय होतं ते पाहायला तिला कुणी पाठवत नाही.

गोवंडीच्या नटवर पारेख आणि शेजारच्या मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये पाठवायला हवं. रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांत ज्यांची घरं गेली त्यांच्यासाठी या वसाहती उठल्या. घर २२५ चौरस फुटांचं, आणि कित्येक ठिकाणी समोरासमोरच्या दोन इमारतींत अंतर जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लागतो. इथल्या क्षयरोगाचा जो अभ्यास २०१८मध्ये पुढे आला, त्यात खालच्या मजल्यांवर, जिथे ऊन आणि वारा पोचत नाही तिथे, रुग्णांचं प्रमाण जास्त आढळलं. नियमात बसवलेला नकाशा फुप्फुसापर्यंत कसा पोचतो हे वर्गात सांगून समजत नाही. दोन इमारतींमधली गल्ली मोजायची, दुपारी बाराला ऊन कितव्या मजल्यापर्यंत उतरतं ते सेक्शनवर काढायचं, कुठल्या खिडक्या वरून पडणाऱ्या कचऱ्यामुळे कायमच्या बंद झाल्यात ते टिपायचं. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना जमण्यासारखं काम आहे.

यात माझं काही अघटित मागणं नाही. पुण्यात जन्मलेल्या आणि जे. जे.मध्ये शिकलेल्या बाळकृष्ण दोशींनी इंदूरजवळची ‘अरण्य’ वसाहत आखली, त्याच सुमाराला, १९८०च्या दशकात, त्यांची वास्तुशिल्प फाउंडेशन आणि कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठातला एक गट मिळून इंदूरच्या झोपडवस्त्या मोजत होते. घरं तर मोजलीच, पण घराबाहेरचा ओटा, झाडाखालची बसायची जागा, हातगाडी लावायचा कोपरा, हेही नकाशावर आलं. ‘अरण्य’मध्ये बहुतेक कुटुंबांना तयार घर न देता जोतं, संडास, पाण्याची आणि सांडपाण्याची सोय असलेला प्लॉट दिला, आणि वरचं घर त्यांच्यावर सोपवलं. लोक घर कसं वाढवतात हे आधी पाहिल्याशिवाय असा विश्वास टाकता येत नाही. या कामाला पुढे आगाखान पुरस्कार मिळाला. दोशींना २०१८मध्ये प्रित्झकर मिळाला तेव्हा कॉलेजाकॉलेजांत फलक लागले. ते इंदूरचे नकाशे किती भिंतींवर लागले कोण जाणे.

झोपडवस्तीत टेप काढणं वाड्याइतकं सोपं नाही, हे खरं. तिथे मोजणी म्हणजे मोफत पुनर्वसनाची पात्रता. १ जानेवारी २०००च्या आधीचा पुरावा आहे का, नाव यादीत येणार की कटणार, माळा धरणार की नाही, या प्रश्नांवर घर राहतं किंवा जातं. कॉलेजचं ओळखपत्र दाखवून ती धास्ती जात नाही. अशा वेळी आधी टेप खिशात ठेवून दोन-तीन चकरा माराव्यात, बचत गटाच्या बायकांना किंवा मंडळाला विचारावं, आणि काढलेल्या नकाशाची एक प्रत त्या घरी द्यावी. वाड्यातून नकाशे काढून आणायचे आणि मालकाला दाखवायचेही नाहीत, ही आपली रीत तिथे चालणार नाही.

आणि सुरुवातीला गोवंडी झेपत नसेल तर बेलापूर आहे. चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात तिथे आर्टिस्ट्स व्हिलेज बांधलं: छोट्या अंगणाभोवती सात सात घरं, आणि शेजाऱ्याची भिंत आपली नाही, म्हणजे ज्याला जेव्हा जमेल तेव्हा घर वाढवायला मोकळीक. मुलांच्या सहली तिथे हमखास जातात. उतरत्या छपरांची मूळ घरं आता थोडीच उरलीत, बाकीच्यांच्या जागी दुमजली-तिमजली स्लॅबची घरं उभी राहिलीत, आणि ते पाहून मुलं हिरमुसतात. सरही हळहळतात, उरलेल्या घरांचे फोटो काढायला सांगतात. त्यापेक्षा वाढलेली घरं मोजायला लावावीत. लोकांनी आधी जिना बाहेर काढला की खोली, संडास कुठे हलवला, अंगणाचा किती भाग घरात घेतला आणि किती गाडीला दिला, सातातल्या कुठल्या घरानं अजून काहीच का बदललं नाही. एका अंगणाला चार मुलं आणि एक आठवडा पुरेल.