पेठेचा संघ

मी म्हसळ्याचा. आमच्याकडे मैदान म्हणजे भातकापणी उरकलेलं शेत. धसकटं उपटायची, पाणी मारून माती दाबायची, फक्कीने रेषा आखायच्या आणि बांबूवर दिवे टांगून कबड्डीची रात्र उभी करायची. खरसईपासून मेंदडीपर्यंत कुठल्याही गावात जा, उपांत्य फेरीत गावचा संघ असला की मुंबईकर मंडळी रात्रीची गाडी धरून गावात हजर होतात. म्हाताऱ्या बाया बांधावर गोधडी अंथरून बसतात. आपला गडी चढाईला गेला की श्वास त्याने धरलेला असतो आणि गुदमरतं सगळं गाव.

त्यामुळे एका संघामागे अख्खी वस्ती उभी राहते म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरीही घोणसे घाट ओलांडून, माणगाव-महाड-चिपळूण करत, कुंभार्ली चढून कोल्हापूर गाठलं आणि राजर्षी छत्रपती शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर फुटबॉल पाहायला बसलो, तेव्हा जाणवलं की इथलं प्रकरण वेगळं आहे. आमचं गाव संघाच्या पाठीशी उभं राहतं. कोल्हापुरातली पेठ संघाला लहानाचा मोठा करते.

पहिली खूण भाषेत सापडते. 'मी अमुक संघाचा समर्थक आहे' असं वाक्य इथे बोलण्यात येत नाही. शेजारी बसलेल्या पोराला विचारलं, तर तो एवढंच म्हणतो, 'आम्ही पाटाकडीलचे.' पलीकडचा म्हणतो, 'मी खंडोबाचा.' गाव सांगावं, घराणं सांगावं, तसा संघ सांगितला जातो. या षष्ठीच्या प्रत्ययात कोल्हापूरचा सगळा फुटबॉल मावतो.

संघांची नावं ऐका: पाटाकडील तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, ऋणमुक्तेश्वर तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम, प्रॅक्टिस फुटबॉल क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ. फुटबॉलच्या संघाला तालमीचं नाव देणारं दुसरं शहर माझ्या तरी पाहण्यात नाही.

हे नाव आलं लाल मातीतून. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, 1912 मध्ये खासबागेचं कुस्ती मैदान उभं राहिलं आणि पेठापेठांतल्या तालमी घुमू लागल्या. तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. पेठेतल्या पोरांवर तिथे नजर असते, वस्तादाचा धाक असतो, संध्याकाळी बसायला कट्टा असतो. गणपती तिथलाच, शिवजयंती तिथलीच, भांडण मिटवायची जागाही तीच. पुढे राजघराण्याच्याच आश्रयाने शहरात फुटबॉल रुजला, तेव्हा त्याला वेगळं घर शोधावं लागलं नाही. तालमीचं दार उघडंच होतं. कुस्तीचा खुराक, कुस्तीची ईर्षा आणि हरल्यावर पुन्हा उभं राहण्याची सवय हे सगळं फुटबॉलला आयतं मिळालं.

या खेळाचा कारभार कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन पाहते. सगळे तिला 'केएसए' म्हणतात. छत्रपती घराण्याचा या संस्थेशी असलेला संबंध आजही टिकून आहे. हंगामाची सुरुवात खेळाडू नोंदणीने होते, आणि ती नोंदणी हीच एक बातमी असते. कुणी कुठल्या तालमीकडे सही केली, कुणी पेठ सोडली, कुणी परत आला, यावर कट्ट्याकट्ट्यावर रात्री जागतात. मग वरिष्ठ गटातल्या 16 संघांची साखळी स्पर्धा आणि तिच्या मागोमाग बाद पद्धतीचे चषक. अटल चषक, सतेज चषक, चंद्रकांत चषक असे चषक इथे रंगले आहेत. थंडीत सुरू झालेला हंगाम उन्हाळा तापेपर्यंत चालतो.

खरा रंग चढतो तो बाद फेरीत. साखळीत आज हरलं तर पुढच्या आठवड्यात भरून काढता येतं. उपांत्य सामन्यात तशी सोय नसते. त्यातून शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ अशी गाठ पडली, तर सामना आदल्या रात्रीच सुरू होतो. दुपारी चारच्या सामन्यासाठी दोनलाच घोळके निघतात. हलगी कडाडते, झेंडे फडफडतात. शर्टाच्या रंगावरून कोण कुठे बसणार ते ठरतं आणि पायऱ्यांवर पेठांचा नकाशाच उमटतो. आत पाऊल टाकणाऱ्या खेळाडूला हजारो अनोळखी माणसं दिसत नाहीत. त्याला शाळेतले मास्तर दिसतात, दूधवाले काका दिसतात, लहानपणी ज्यांच्या खिडकीची काच फोडली ते आजोबा दिसतात. ओरडणाऱ्यांपैकी निम्मे जण त्याला घरच्या टोपणनावाने हाक मारतात.

सामना बरोबरीत सुटून टायब्रेकर आला, की इतका वेळ दणाणणारं स्टेडियम एकदम मुकं होतं. गोलरक्षक हात पसरून उभा, चेंडू ठेवून मागे मागे जाणारा पोरगा, आणि पायऱ्यांवर मुठी आवळून बसलेली अख्खी पेठ. माझ्या डोळ्यांपुढे तेव्हा आमचा चढाईवीर उभा राहिला, एकटा, सात जणांच्या कोंडाळ्यात शिरलेला. चेंडू जाळ्यात गेला आणि मागून आरोळी आली, 'नाद खुळा!' या दोन शब्दांचा अर्थ कोशात शोधू नये. तो तिथे बसूनच कळतो.

जगात इतरत्रही अशी वेडं आहेत. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये शुक्रवारी रात्री शाळेच्या संघाचा सामना असतो आणि सगळं गाव मैदानावर लोटतं. त्यांचा फुटबॉल वेगळा, हाताने खेळायचा, पण गाव आपल्या पोरांत स्वतःला पाहतं ते तसंच. तिथे या वेडाचा केंद्रबिंदू शाळा आहे. कोल्हापुरात तो तालीम आहे. मात्र तालमीपर्यंत जाणारी वाट शाळेतूनच जाते, हे विसरून चालणार नाही.

पोरगं आधी गल्लीत खेळतं. मग शिवाजी पेठेतल्या गांधी मैदानासारख्या मैदानावर जातं. हे मैदान पूर्वी वरुणतीर्थ तळं होतं, आणि पावसाळ्यात ते आपलं जुनं रूप आठवून पुन्हा पाण्याने भरतं. तेवढे दिवस पोरं काठावर बसून राहतात आणि चिखल सुकण्याआधीच आत उतरतात. पुढे शाळेचा संघ. महाराष्ट्र हायस्कूलसारख्या शाळांनी इथे पिढ्या घडवल्या. शालेय फुटबॉलची मोठी स्पर्धा म्हणजे सुब्रतो चषक. भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या कल्पनेतून ती 1960 मध्ये सुरू झाली. जिल्हा, विभाग, राज्य असे टप्पे ओलांडत जाणाऱ्या संघाला अखेर दिल्ली दिसते. शाळेच्या शर्टात चमकलेल्या पोरावर तालमीची नजर असतेच. दहावीची परीक्षा होण्याआधीच त्याने कुठल्या तालमीत जायचं हे पेठेने ठरवलेलं असतं.

या वाटेवरून निघालेला अनिकेत जाधव 2017 मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तो घडला. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये भारताने अमेरिका, कोलंबिया आणि घाना यांच्याशी सामने दिले. तिन्ही गमावले. पण कोल्हापूरच्या पोरांच्या हिशेबात निकालापेक्षा मोठी गोष्ट घडली होती. गल्लीतून निघालेली वाट विश्वचषकापर्यंत जाते, हे त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं. निखिल कदम हा कोल्हापूरचा आणखी एक खेळाडू मोहन बागानच्या शर्टात खेळला. आता उलट दिशेनेही ये-जा सुरू झाली आहे. तालमींच्या संघांत परप्रांतीय आणि परदेशी खेळाडू दिसतात, आणि गोल मारला की पेठ त्यांनाही खांद्यावर घेते.

विश्वचषकाच्या दिवसांत या शहराकडे पाहावं. चौकाचौकांत मेस्सी, नेमार, रोनाल्डो यांचे फलक लागतात. गल्ल्या अर्जेंटिना आणि ब्राझील अशा वाटल्या जातात. 18 डिसेंबर 2022 च्या रात्री अर्जेंटिनाने फ्रान्सला टायब्रेकरवर हरवलं, तेव्हा इथल्या रस्त्यांवर घरचं कार्य असल्यासारखा गुलाल उधळला गेला.

या वेडाला एक जखमही आहे, आणि ज्याला या खेळाची माया आहे त्याने ती झाकू नये. ईर्षा पायऱ्यांवरून खाली उतरते तेव्हा दगड, बाटल्या, शिव्या आणि हाणामारी सुरू होते. सामने थांबतात, बंदोबस्त वाढतो, आणि मुलांना घेऊन आलेले बाप पुढच्या वेळी घरीच राहतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण या हुल्लडीची झळ सर्वांत आधी खेळणाऱ्या पोराला बसते. वर्षभर पहाटे उठून पळालेला तो असतो. त्याचा उपांत्य सामना दुसऱ्या कुणाच्या रागापायी अर्धवट राहतो. कुस्ती संपली की हरलेला मल्ल जिंकलेल्याच्या हातात हात देतो. तालमीचं नाव लावणाऱ्यांनी तालमीची ही रीतही लावून घ्यायला हवी.

ही ताकद चांगल्या कामाला लागली की काय होतं, ते ऑगस्ट 2019 च्या महापुरात दिसलं. पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तालमी आणि मंडळांची पोरं कमरेएवढ्या पाण्यात उतरली. माणसं बाहेर काढली, जेवणं पोचवली. त्या दिवसांत कुणी कुणाला 'तू कुणाचा?' असं विचारलं नाही. पेठेने वर्षानुवर्षं जे राखलं होतं, ते त्या आठवड्यात सगळ्या शहराच्या उपयोगी पडलं.

मी पाहिलेल्या सामन्यातला हरलेला संघ दिवेलागणीला आपल्या तालमीत परतला. मी मागोमाग गेलो होतो. हलगी बंद होती, झेंडे गुंडाळलेले. टायब्रेकर हुकवलेला पोरगा पायरीवर मान खाली घालून बसला होता. कुणी त्याची समजूत घातली नाही, कुणी बोलही लावला नाही. एका वयस्कर माणसाने घामाने भिजलेले शर्ट गोळा करून बादलीत टाकले, मोजले, एक कमी भरला म्हणून पोराकडे पाहिलं. पोराने अंगातला शर्ट काढून दिला. 'सकाळी सहाला,' तो माणूस म्हणाला आणि बादली घेऊन नळाकडे गेला.

परतीच्या गाडीत मला ती बादली आठवत राहिली. सामन्याच्या रात्री गोधडी अंथरून बसणारं गाव आमच्याकडे आहे, आणि त्याच्या जिवाची तगमग कोल्हापूरपेक्षा कणभरही कमी नाही. पण सामना संपला की आमचे दिवे उतरतात, मुंबईकर परततात, आणि पावसाळा आला की मैदानाचं पुन्हा शेत होतं. हरल्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांना सकाळी सहाला बोलावणारं दार आमच्या गावांनाही हवं आहे. त्यासाठी स्टेडियम लागत नाही. एक खोली लागते, एक नळ लागतो, आणि शर्ट मोजून घेणारं एक माणूस लागतं.