विश्लेषण : केस मऊ, पोलाद कठीण, मग वस्तऱ्याची धार जाते कशी?

वापरून फेकायच्या रेझरला कंटाळलेली काही हौशी मंडळी पुन्हा वस्तऱ्याकडे वळली आहेत. कुणी नवा मागवतो, कुणाला घरातल्या जुन्या पेटीत आजोबांचा सापडतो. पण दाढीनंतरची दोन मिनिटांची निगा चुकली, तर चांगला वस्तराही एका पावसाळ्यात वाया जातो.

धार बोथट होते म्हणजे काय होते?

दाढीचा केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असतो. तरीही तो पात्याला हरवतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या (एमआयटी) संशोधकांनी याचे कारण शोधले आणि २०२० मध्ये ते ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. त्यांच्यापैकी एकाने स्वतःची दाढी केली आणि प्रत्येक वेळी ते पाते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. धार हळूहळू झिजून गोलसर होत असेल, असा अंदाज होता. प्रत्यक्षात तिचे बारीक टवके उडालेले दिसले. केस वाकून पात्याला तिरका भिडला आणि नेमक्या त्या जागी पोलादाची अंतर्रचना एकसारखी नसली, की टवका उडतो. हा प्रयोग वापरून फेकायच्या रेझरच्या पात्यावर झाला होता. पण पातळ पोलादी धार आणि केस यांची गाठ वस्तऱ्यातही तशीच पडते. दाढी आधी कोमट पाण्याने नीट भिजवावी, हा जुना सल्ला म्हणूनच खरा. भिजलेला केस मऊ पडतो, कापायला जोर कमी लागतो.

मग गंजाचे काय?

टवके उडतात ते दाढी करताना. पण वस्तरा खरा खराब होतो तो दाढी झाल्यावर. पारंपरिक वस्तरे बहुधा कार्बन पोलादाचे असतात. ते सहाणेवर चांगली धार घेते, पण पाण्याचा थेंब त्याला सोसत नाही. स्टेनलेस पोलाद गंजते कमी, अजिबात गंजत नाही असे नाही. धार इतकी पातळ असते, की तिथे सुईच्या टोकाएवढा गंज आला तरी खाच पडते.

दाढी झाली की पाते कोमट पाण्याखाली धरून फेस धुऊन काढावा. मात्र पाणी फक्त पात्यावर पडू द्यावे, मुठीच्या खिळीत जाऊ देऊ नये. तिथे शिरलेले पाणी दिसत नाही, पुसताही येत नाही आणि गंज आतून सुरू होतो. नंतर मऊ कापडाने पाठीकडून धारेकडे पुसावे. धारेच्या रेषेत बोट फिरवू नये. पाते आणि बोट दोन्हींचे नुकसान. पुसल्यावर लगेच मिटून ठेवण्याची घाई नको. तासभर उघडाच राहू द्यावा. रोज वापर नसेल तर शिवणयंत्राच्या पातळ तेलाचा हलका हात फिरवावा आणि पुढच्या दाढीआधी ते साबणाने धुऊन टाकावे. खोबरेल नको, ते कालांतराने खवट आणि चिकट होते.

ठेवायचा कुठे? न्हाणीघरात तर नाहीच. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर तिथली हवा कधी कोरडी होत नाही. चामड्याची म्यान दिसायला छान, पण चामडे ओल धरून ठेवते.

चामड्याचा पट्टा कशासाठी?

पट्ट्याने नवी धार लागत नाही, असलेली सरळ होते. पाते पूर्ण आडवे ठेवून पाठ पुढे आणि धार मागे अशी ओढायची. टोकाला पोचल्यावर पाठीवर पलटायचे. धारेवर पलटले की पट्टा कापलाच. हात अलगद हवा, सिनेमात दिसतो तो फटकारा नको. एवढे करूनही केस ओढले जाऊ लागले, तर सहाणेची वेळ आली. ते काम जाणकाराकडेच द्यावे.

सलूनमधला वस्तरा वेगळा का?

तिथे प्रश्न धारेपेक्षा रक्ताचा आहे. हेपॅटायटिस बी विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस जिवंत राहू शकतो आणि रक्ताचा डाग दिसायलाच हवा असे नाही. अखंड पात्याचा वस्तरा उकळला तर मूठ बिघडते, ब्लीचमध्ये बुडवला तर पोलादावर डाग पडतात. अँटिसेप्टिकच्या पाण्यात बुडवून काढणे पुरेसे नाही. म्हणूनच ब्लेडचे दोन तुकडे करून अर्धे अडकवायचा वस्तरा सलूनमध्ये रुळला. नवे ब्लेड ग्राहकाच्या डोळ्यांदेखत लावलेले असावे; तसे सांगण्यात संकोच कसला? घरीही बाप-लेकांनी एक वस्तरा वापरू नये.

ब्लेड बदलले, तरी कापलेल्या जागी फिरवायची तुरटी मात्र पुष्कळ ठिकाणी तीच असते. या गालावरून त्या गालावर जाणारा तो खडा नाकारावा किंवा स्वतःचा घेऊन जावा.