तलावाला झालं अजीर्ण!

नाटकाचा पडदा तुम्ही पाहिला असेल. पण तलावाला पडदा लावल्याचं कधी ऐकलंय? १९७३ साली कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी चक्क तेच केलं. ओंटारिओ प्रांतातल्या रानात डमरूच्या आकाराचा एक छोटासा तलाव आहे. नाव काय, तर 'तलाव क्रमांक २२६'! डमरूच्या चिंचोळ्या कमरेत त्यांनी प्लॅस्टिकचा जाड पडदा थेट तळापर्यंत सोडला आणि एका तलावाचे दोन तलाव केले.

हा उद्योग कशासाठी? ते कळायला आधी ईरी सरोवराची गोष्ट ऐकायला हवी. कॅनडा आणि अमेरिका यांच्या सीमेवरचं हे सरोवर आपल्या पुणे जिल्ह्याच्या दीडपटीहून मोठं आहे. १९६०च्या दशकात त्याच्यावर हिरव्या शेवाळाचे थर साचू लागले, किनाऱ्यावर दुर्गंधी सुटली. 'ईरी मेलं' अशा बातम्या आल्या. खरं म्हणजे ते मेलं नव्हतं, त्याला अजीर्ण झालं होतं! शहरांचं सांडपाणी, शेतांतलं खत, धुण्याच्या पावडरीचा फेस, सगळं त्याच्याच पोटात. शेवाळाला रोजचीच पंगत!

आता तुम्ही म्हणाल, "शेवाळ वाढलं तर बिघडलं कुठं? ते तर उन्हात प्राणवायू सोडतं!" शंका अगदी रास्त. पण हा प्राणवायू वरच्या, उजेडातल्या पाण्यात. शेवाळाचं आयुष्य थोडं. मेलं की ते तळाशी जातं आणि तिथले जिवाणू त्याचा फडशा पाडायला बसतात. त्यासाठी त्यांना प्राणवायू लागतो, आणि पाण्यात तो असतो तरी किती? एक लीटर हवेत पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, तर २० अंश सेल्सिअसच्या एक लीटर पाण्यात जेमतेम ९! उन्हाळ्यात तर आणखी पंचाईत. कोमट, हलकं पाणी वर राहतं, गार, जड पाणी खाली, आणि दोन्ही मिसळतच नाहीत. पातेल्यावर झाकण बसावं तसं. खालचा साठा संपला की वरून भर पडत नाही. ५ मिलिग्रॅमच्या खाली बरेच मासे कासावीस होतात. २च्या खाली गेलं की पळू शकणारे पळतात, बाकीचे मरतात.

मग पंगतीतला नेमका कोणता पदार्थ बंद करायचा? खताच्या गोणीवर नत्र, स्फुरद, पालाश ही नावं तुम्ही वाचली असतील. स्फुरद म्हणजे फॉस्फरस. दुष्फेन पाण्यातही कपडे स्वच्छ निघावेत म्हणून त्या काळी पावडरीत भरपूर फॉस्फेट घालत. कित्येक शास्त्रज्ञ म्हणत, चोर स्फुरदच. पावडरवाले म्हणत, छे, चोर कार्बन! वाद काही मिटेना.

म्हणून तो पडदा. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही बाजूंना नत्र आणि कार्बन घातला. कार्बनसाठी काय, तर साखर! एका बाजूला मात्र जोडीला स्फुरदही. काही आठवड्यांतच त्या बाजूचं पाणी हिरवंगार झालं. पडद्यापलीकडचं तसंच स्वच्छ. सप्टेंबरमध्ये आकाशातून काढलेला फोटो जगभर गाजला. कारण सोपं होतं. कार्बन शेवाळाला हवेतूनही मिळतो, काही जातींना नत्रही मिळतं. स्फुरदाचा असा साठा हवेत नाही.

एवढ्यासाठी चांगला तलाव नासवायचा का, असं हे वाचताना मला वाटलं होतं. पण पुढे स्फुरद घालणं थांबवल्यावर तो पुन्हा नितळ झाला.

ईरीकाठच्या शहरांनी सांडपाण्यातलं स्फुरद काढायला सुरुवात केली, पावडरीतलंही घटलं, आणि सरोवर सावरलं. डॉ. स्यूस यांच्या १९७१च्या 'द लोरॅक्स' या बालपुस्तकात ईरीला एक टोमणा होता. तोही त्यांनी नंतर काढून टाकला.

पण ऑगस्ट २०१४ मध्ये ईरीकाठच्या टोलेडो शहरात चार लाखांहून जास्त लोकांना सूचना मिळाली, नळाचं पाणी पिऊ नका. पाण्यात शेवाळाचं विष उतरलं होतं. उकळून प्यावं म्हटलं तर तेही नाही. उकळल्यानं विष जात नाही, पाणी आटून उलट ते दाट होतं! दुकानांतल्या बाटल्या बघता बघता संपल्या. तिसऱ्या दिवशी बंदी उठली. या वेळी स्फुरद आलं होतं ते मुख्यतः मॉमी नदीकाठच्या मका-सोयाबीनच्या शेतांतून, आणि तिथे पडदा लावायला डमरूची कंबर नव्हती.