खाटेपाशी किती माणसं?

१९७५ साली अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात नर्सिंग होममधल्या काही रहिवाशांनी थेट सरकारला कोर्टात खेचलं. त्यांची तक्रार मालकापुरती नव्हती. आमच्यासाठी पैसे सरकार मोजतं, मग आमची शुश्रूषा होते की नाही हे पाहणंही सरकारचंच काम आहे, आणि सरकार ते करत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. खटला चालला तसा तपासणीचा सरकारी फॉर्म न्यायालयापुढे आला. त्यात ५४१ प्रश्न होते. रुग्णाच्या शुश्रूषेशी ज्यांचा ओझरता तरी संबंध लागेल, किंवा ज्यांच्या उत्तरासाठी तपासनिसाला एखाद्या रुग्णाकडे डोळे वर करून पाहावं लागेल, असे प्रश्न त्यात निघाले फक्त ३०. बाकी सगळा फॉर्म या संस्थेला शुश्रूषा करणं शक्य आहे का, एवढंच विचारत होता. ती प्रत्यक्षात होते का, हे विचारतच नव्हता. १९८४ मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला की प्रत्यक्ष काय घडतं ते जाणून घेणं हे केंद्रीय आरोग्य खात्याचं कर्तव्य आहे.

आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटं खासगी रुग्णालय. तिथे मात्र म्हातारपणाने किंवा आजाराने परावलंबी झालेली माणसं महिनोन् महिने, बहुतेकदा अखेरपर्यंत जिथे राहतात ते ठिकाण. अशा ठिकाणची काळजी चांगली की वाईट हे ठरवायचं कसं, या प्रश्नाशी अमेरिका गेली साठ वर्षं झुंजते आहे. त्या साठ वर्षांचा मागोवा आपण घ्यायला हवा, कारण पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपुरात आईवडिलांसाठी केअर सेंटर शोधणाऱ्या घरांपुढे आज तोच प्रश्न उभा आहे.

१९६५ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मेडिकेअर आणि मेडिकेड या योजनांवर सही केली. मेडिकेडमधून गरीब वृद्धांच्या दीर्घ मुक्कामाचा खर्च सरकार देऊ लागलं आणि नर्सिंग होम हा भराभर वाढणारा धंदा झाला. पैसा आला, देखरेख आली नाही. १९७० च्या जानेवारीत ओहायो राज्यातल्या मॅरिएटा इथे एका नर्सिंग होमला आग लागली आणि तीसहून अधिक वृद्ध दगावले. सिनेटर फ्रँक मॉस यांच्या उपसमितीने वर्षानुवर्षं सुनावण्या घेतल्या. न्यूयॉर्कमध्ये बर्नार्ड बर्गमन या बड्या नर्सिंग होम मालकाचं प्रकरण उघडकीला आलं, विशेष सरकारी वकील नेमावा लागला, १९७६ मध्ये बर्गमनने गुन्हा कबूल केला. पण प्रत्येक वेळी चर्चा आगीची, अस्वच्छतेची, लाटलेल्या पैशांची. धडधडीत गुन्हा नसलेल्या शेकडो ठिकाणी रोजची काळजी कशी असते, हे मोजायचं माप कुणाकडेच नव्हतं.

ते माप कुठे शोधायचं हे सर्वांत आधी कळलं ते एल्मा होल्डर यांना. त्यांनी १९७५ मध्ये नर्सिंग होम सुधारणेसाठी नागरिकांची राष्ट्रीय आघाडी उभी केली होती. १९८५ मध्ये या आघाडीने पंधरा शहरांतल्या साडेचारशेच्या वर रहिवाशांना एकत्र बसवून विचारलं, तुमच्या लेखी चांगली काळजी म्हणजे काय? तोवर हा प्रश्न डॉक्टरांना, मालकांना, अधिकाऱ्यांना विचारला गेला होता. जे खाटेवर पडून होते त्यांना नाही. रहिवाशांच्या बोलण्यात यंत्रं आणि इमारती मागे पडल्या. सगळ्यांत वर होती ती शुश्रूषा करणारी माणसं. ती कशी बोलतात, पुरेशी आहेत का, हाक मारली तर येतात का. मग जेवण, आणि मग आपल्या दिवसातलं थोडंतरी आपण ठरवू शकतो का, ही गोष्ट. या विषयावरचे कितीतरी जाडजूड अहवाल त्यानंतर निघाले. माझ्या मते यातली निम्मी तरी मोजमापं या म्हाताऱ्या माणसांनी त्या बैठकांतच सांगून टाकली होती.

पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा अहवाल आला. समितीचे अध्यक्ष होते सिडनी कॅट्झ. अंघोळ, कपडे, संडासला जाणं, उठणं-बसणं, मलमूत्रावर ताबा आणि जेवण, या सहा गोष्टींवरून माणूस किती परावलंबी आहे हे मोजण्याची पद्धत याच डॉक्टरांनी बसवलेली. त्यामुळे अहवालाचा रोख आपोआपच इमारतीवरून माणसाकडे वळला. २२ डिसेंबर १९८७ ला अध्यक्ष रेगन यांनी सही केलेल्या कायद्यात यातलं पुष्कळसं उतरलं. तपासणी आगाऊ कळवायची नाही आणि दोन तपासण्यांत पंधरा महिन्यांहून जास्त अंतर पडू द्यायचं नाही. तपासनिसाने रहिवाशांशी बोलायचं. खाटेशी काम करणाऱ्या मदतनिसाला किमान ७५ तासांचं प्रशिक्षण हवं. प्रत्येक रहिवाशाची ठरावीक नमुन्यात नोंद ठेवायची.

याच कायद्याने बांधून ठेवण्यावर घाव घातला. त्या काळी नर्सिंग होममधल्या दहापैकी सुमारे चार वृद्धांना पट्ट्याने, जाकिटाने किंवा पुढे फळी अडकवलेल्या खुर्चीत जखडून ठेवलं जाई. कारण एकच सांगत, पडतील. घरच्यांनाही ते पटे. आईच्या कमरेचं हाड मोडण्यापेक्षा पट्टा बरा, असं कोणत्याही मुलाला वाटणारच. पण पेन्सिल्व्हेनियातल्या केंडल या संस्थेने १९७३ पासून कुणालाही न बांधता वृद्धांना सांभाळून दाखवलं होतं. बांधलेल्या माणसाचे पाय आठवड्या-आठवड्याने निकामी होतात, पाठीला जखमा होतात, सुटायच्या धडपडीत पट्टा गळ्याशी येऊन जीवही जातो, आणि पट्टे काढले म्हणून गंभीर दुखापती वाढत नाहीत, हे अभ्यासांतून पुढे आलं. कायदा झाल्यावर हे प्रमाण उतरत गेलं आणि आज ते अगदी एक-दोन टक्क्यांच्या आत-बाहेर आहे. मोजमापाने खरोखर माणसं सोडवली, असं या इतिहासात कुठे म्हणता येत असेल तर ते इथे.

त्यानंतरचा काळ आकड्यांचा. १९९८ मध्ये सरकारने नर्सिंग होमची माहिती लोकांना तुलनेसाठी खुली केली आणि डिसेंबर २००८ पासून एक ते पाच तारे द्यायला सुरुवात केली. तारे तीन गोष्टींवरून ठरत, तपासणीचा निकाल, कर्मचाऱ्यांची संख्या आणि जखमा, औषधं वगैरेंचे गुणवत्तेचे आकडे. यातली फक्त तपासणी बाहेरचा माणूस करत होता. उरलेल्या दोन्ही गोष्टींत संस्था सांगेल ते खरं धरलं जाई.

म्हणजे डेन्व्हरच्या रहिवाशांनी जे दुखणं कोर्टात मांडलं होतं, ते नव्या रूपात परत आलं. कर्मचाऱ्यांची संख्या तपासणीच्या सुमाराच्या दोनच आठवड्यांची मागत, आणि तपासणी साधारण केव्हा येणार याचा अंदाज प्रत्येकाला असे. २०१६ पासून प्रत्यक्ष पगारपत्रकावरून रोजच्या रोज हजेरी कळवण्याची सक्ती झाली आणि २०१८ पासून तारे त्यावरून ठरू लागले. ते आकडे पत्रकारांनी तपासले तेव्हा दहापैकी सात ठिकाणी माणसं आधी सांगितल्यापेक्षा कमी निघाली. शनिवार-रविवारी तर आणखी कमी. शुश्रूषा ही सोमवार ते शुक्रवार करायची गोष्ट नाही. कूस बदलायची ती रविवारीही दर दोन तासांनी बदलावीच लागते.

दुसरा प्रकार याहून क्रूर आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना गुंगीत ठेवण्यासाठी मनोविकारावरची औषधं दिली जात. अशा वृद्धांत या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकी औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला होता. गुणवत्तेच्या आकड्यांत म्हणून ही औषधं मोजली जाऊ लागली, मात्र स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना त्यातून वगळलं होतं, कारण त्यांना ती खरंच लागतात. २०२१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दाखवून दिलं की नर्सिंग होममधल्या दर नऊ रहिवाशांपैकी एकाच्या कागदांवर स्किझोफ्रेनिया लिहिलेला आहे. एरवी समाजात हे प्रमाण साधारण दीडशेत एक. हा आजार बहुधा तरुणपणी सुरू होतो. ऐंशीव्या वर्षी तो अचानक लागत नाही. म्हणजे आकडा सुधारावा म्हणून एखाद्या आजीच्या नावावर नसलेला आजार चढवला जात होता. २०२३ मध्ये सरकारने या नोंदींची स्वतंत्र तपासणी सुरू केली.

मधे करोना येऊन गेला. फेब्रुवारी २०२० मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या कर्कलंड इथल्या ज्या नर्सिंग होममध्ये पहिला मोठा उद्रेक झाला, त्याला पाच तारे होते. दोन वर्षांत देशभरच्या अशा संस्थांमधले दोन लाखांवर रहिवासी आणि कर्मचारी गेले.

आता अगदी अलीकडचं. २००१ मध्येच एका सरकारी अभ्यासाने सांगितलं होतं की मुक्कामी रहिवाशाला इजा पोचू नये यासाठी दिवसाला त्याच्या वाट्याला सुमारे ४.१ तासांची शुश्रूषा यायला हवी. एप्रिल २०२४ मध्ये बायडेन सरकारने ३.४८ तासांचा नियम केला. एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासच्या केंद्रीय न्यायालयाने तो रद्द केला आणि त्याच जुलैत संसदेने त्याची अंमलबजावणी २०३४ पर्यंत लांबवली. माणसं मिळत नाहीत, खेड्यातली नर्सिंग होम बंद पडतील, असं मालकांचं म्हणणं. ते अगदीच खोटं नाही. पण माणसं टिकत का नाहीत, हेही बघावं लागेल. २०१७-१८ च्या पगारपत्रकांवरून झालेल्या अभ्यासात शुश्रूषा कर्मचाऱ्यांची वर्षाची गळती सरासरी शंभर टक्क्यांच्या वर भरली. आजोबांना डाव्या कुशीवर झोप लागत नाही, हे ज्या मदतनिसाला माहीत झालेलं असतं, ती महिन्या-दोन महिन्यांत निघून जाते.

डॉ. अतुल गावंडे यांच्या २०१४ च्या ‘बीइंग मॉर्टल’ या पुस्तकात या सगळ्याची दुसरी बाजू आहे. त्यांच्या वडिलांचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं उटी. तिथे त्यांचे आजोबा सीताराम गावंडे शंभरी ओलांडूनही घरच्यांच्या आधाराने आपल्या मर्जीने जगले. त्याच पुस्तकात न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू बर्लिन गावच्या नर्सिंग होमची हकिगत येते. १९९१ मध्ये डॉ. बिल थॉमस यांनी तिथे कुत्री, मांजरं, शंभर पोपटपक्षी, झाडं आणि शाळेनंतर येणारी मुलं आणली. दोन वर्षांत औषधांच्या चिठ्ठ्या तुलनेच्या संस्थेच्या निम्म्यावर आल्या, औषधांचा खर्च तिच्या ३८ टक्क्यांवर आला आणि मृत्यू १५ टक्क्यांनी घटले. एका ठिकाणचा हा अनुभव सगळीकडे लागू होईलच असं नाही. पण थॉमस यांनी जे बदललं ते ताऱ्यांच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

आपल्याकडे घरं लहान झाली, मुलं परदेशी गेली, आणि उटीसारखं म्हातारपण थोड्यांच्या नशिबी उरलं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात निराधार वृद्धांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे. महिन्याला भरभक्कम पैसे घेणाऱ्या खासगी केअर सेंटरांची मात्र कुणालाही तुलना करता येईल अशी सरकारी नोंद नाही. तारे नाहीत, पगारपत्रकं उघड नाहीत. तेव्हा कोणत्याही घराने ते काम निदान स्वतःपुरतं करावं. आवारातली बाग आणि देवघर दाखवून होऊ द्यावं, मग विचारावं की रात्रपाळीला या मजल्यावर किती मावश्या आणि किती मामा असतात, आणि त्यांच्याकडे किती माणसं. आज अंथरुणावरच्या किती जणांना बेडसोअर आहेत, त्यातल्या किती जणांना ते इथे आल्यावर झाले? कुणाला झोपेची किंवा शांत ठेवायची औषधं चालू आहेत, ती कोणत्या डॉक्टरांनी लिहून दिली आणि का? दाखल केल्यावर रविवारी संध्याकाळी न सांगता जावं. ही मावशी इथे किती दिवस आहे ते तिलाच विचारावं. आणि व्यवस्थापक जवळ नसताना शेजारच्या खाटेवरच्या आजींपाशी दहा मिनिटं बसावं, रात्री हाक मारल्यावर कोण येतं आणि किती वेळाने, एवढंच त्यांना विचारावं.