नोटेतली चिप आणि नववीचा वर्ग

कात्रणवहीच्या पलीकडे

शाळेत तंत्रज्ञानाची बातमी परिपाठात वाचली जाते, नाहीतर कात्रणवहीत चिकटते. तिला उलट प्रश्न विचारायची सवय लावायची तर शिळी बातमी बरी. तिचा निकाल लागलेला असतो.

हे चालेल कसं?

८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी जाहीर झाली आणि दोन हजारांच्या नव्या नोटेत ‘नॅनो जीपीएस चिप’ असल्याची आवई उठली. जमिनीखाली १२० मीटरवर गाडलेली नोटही म्हणे उपग्रह शोधून काढणार! काही वृत्तवाहिन्यांनीही ते रंगवून सांगितलं.

हा दावा फळ्यावर लिहा. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून संदेश पाठवतात. मोबाइल ते नुसते ऐकतो आणि आपली जागा स्वतःच काढतो. उपग्रहाला त्याचा पत्ताही नसतो. जागा दुसऱ्याला कळवायची तर प्रक्षेपक हवा, त्याला वीज हवी. नोटेत बॅटरी कुठे आहे? तळघरातल्या पार्किंगमध्ये नकाशावरचा ठिपका भरकटतो, हे मुलांनी पाहिलेलं असतं. मग १२० मीटर मातीखाली काय होईल?

मूळ कागद शेवटी दाखवा, आधी दाखवला तर तास दोन मिनिटांत आटोपतो. रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या वैशिष्ट्यांत सुरक्षा धागा आहे, जलचिन्ह आहे, चिप नाही.

एवढ्यात परवडेल कसं?

फेब्रुवारी २०१६ मध्ये २५१ रुपयांचा ‘फ्रीडम २५१’ स्मार्टफोन गाजला. नुसत्या स्क्रीनची आणि बॅटरीची किंमत मुलांना मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात विचारून यायला सांगा. पत्रकारांना दिलेल्या नमुन्यांवर तर दुसऱ्याच कंपनीचं नाव व्हाइटनरने झाकलेलं निघालं.

आणखी कुणाला जमलं?

जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी ‘एलके-९९’ हा पदार्थ नेहमीच्या तापमानाला अतिसंवाहक, म्हणजे विजेला अजिबात रोध न करणारा, असल्याचा दावा केला. तज्ज्ञांनी तपासण्याआधीच जगभर मथळे झाले. इतर प्रयोगशाळांनी करून पाहिलं, तेव्हा विजेचा रोध एकदम घटतो तो कॉपर सल्फाइडच्या भेसळीमुळे, असं निघालं.

पण एवढं शिकून ‘सगळंच खोटं’ म्हणणारा विद्यार्थी तयार झाला, तर तो भाबड्यापेक्षा बरा नाही. म्हणून चांद्रयान-३ ची बातमीही याच कसोटीला लावा: २३ ऑगस्ट २०२३ ला ते चंद्रावर उतरलं आणि चारच दिवसांनी नासाच्या चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने त्याच्या ‘विक्रम’ लँडरचा फोटो टिपला.

शिक्षकांनो, या तासाला गुण मात्र ठेवू नका. ठेवलेत की मुलं प्रश्नही पाठ करून येतील.